कोल्हापुरातल्या घराला पिवळसर बदामी रंग: ओल, उजेड आणि दोन हात

क्रीम, बदामी, बिस्किटी, मोतिया, हस्तिदंती. दुकानात नावं वेगवेगळी, शेड कार्डावर पानंच्या पानं, आणि काम संपल्यावर पुष्कळ घरांत एकच तक्रार: "आम्ही हा रंग सांगितलाच नव्हता." डब्यातला रंग बहुतेक वेळा बरोबरच असतो. घरातला उजेड, खालची फरशी आणि भिंतीतली ओल यांचा विचार मात्र राहून गेलेला असतो. म्हणून शेड कार्ड बाजूला ठेवा आणि भिंतीपासून सुरुवात करा.

भिंत कोरडी आहे का

आपल्याकडे घराला रंग द्यायचा म्हटलं की दिवाळी. पण कोल्हापूरचा पाऊस सप्टेंबर संपेपर्यंत रेंगाळतो, कधी ऑक्टोबरातही येतो, आणि नैर्ऋत्येकडून येणारा मारा घराच्या पश्चिम आणि दक्षिण भिंतींनी चार महिने सोसलेला असतो. वरून कोरडी दिसणारी भिंत आतून ओली असते. तिच्यावर इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा प्लास्टिक रंग, मारला की पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही, आणि संक्रांतीच्या सुमारास पापुद्रे सुटायला लागतात. घरातल्या रंगासाठी सगळ्यांत चांगला काळ फेब्रुवारी ते एप्रिल. दिवाळीलाच हवं असेल तर आतल्या, पावसाचा मार न लागलेल्या खोल्या आधी उरका आणि पश्चिमेची भिंत दोन-तीन महिन्यांनी करा. पाहुण्यांसमोर एक भिंत जुनी दिसेल, पण वर्षभरात पुन्हा खरवडायची वेळ येणार नाही.

ओल तपासायला यंत्र लागत नाही. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा घ्या आणि चारही कडांनी टेपनं भिंतीला घट्ट चिकटवा. एक जमिनीपासून फूटभर वर, एक खिडकीखाली, एक छताजवळ. चोवीस तासांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले असतील किंवा भिंतीचा तेवढा चौकोन गडद झाला असेल, तर ओल आतून येते आहे. मग आधी तिचं मूळ शोधा: गच्चीचा उतार, न्हाणीघराची पाइप, खिडकीच्या वरच्या छज्ज्याची भेग. ओलीवर "डॅम्प प्रूफ" नावाचं काही आतून फासून रंग उरकणं म्हणजे पाणी तसंच ठेवून वर झाकण घालणं. ते दुसरीकडून बाहेर पडतंच.

नवीन गिलाव्याला किमान २८ दिवस पाणी आणि वेळ दिल्यावरही तो पूर्ण सुकायला दोन-तीन महिने लागतात. सिमेंटचा ताजा गिलावा तीव्र अल्कलीचा असतो. घाई केली तर काही रंगद्रव्यं त्यानं जळतात आणि बदामी भिंतीवर फिकट, भाजल्यासारखे ढग उठतात.

पेठांमधल्या जुन्या घरांचं गणित निराळं आहे. पांढऱ्या मातीची भिंत किंवा मातीत बांधलेली वीट ही जमिनीतलं पाणी ओढते आणि अंगातून बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटची पुट्टी, म्हणजे भिंत गुळगुळीत करणारा पातळ लेप, मारली की पाण्याबरोबर वर आलेला खार पुट्टीच्या मागे साचतो, पांढरी बुरशीसारखी पूड दिसते आणि पुट्टी ताटासारखी सुटून हातात येते. अशा घराच्या सोप्याला आणि माजघराला चुन्यातला रंगच द्या. मुरवलेल्या, पाण्यात पातळ कालवलेल्या चुन्यात पिवळा ऑक्साइड (पिवळी रंगपूड), चुन्याच्या वजनाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. ऑक्साइड आधी वाटीभर कोमट पाण्यात गुठळी मोडेपर्यंत घोटा, मग कपड्यातून गाळून चुन्यात मिसळा. तीन-चार पातळ हात, प्रत्येक हाताआधी भिंत किंचित ओली करून. ओला असताना चुना फार गडद दिसतो आणि वाळल्यावर कितीतरी उजळतो, म्हणून वाळलेला नमुना बघितल्याशिवाय ऑक्साइड वाढवू नका. एकच अट: आधीचा ऑइलपेंट किंवा इमल्शन पूर्ण निघालेला हवा. त्यावर चुना धरत नाही.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या घरांत पाणी उभं होतं, सुतारवाडा, रमणमळा, शाहूपुरीची कुंभार गल्ली अशा भागांत, तिथं पाण्याची रेघ आली होती त्या उंचीपर्यंत भिंत ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तेवढा गिलावा काढा. पुट्टीनं ती रेघ झाकली तरी खार पुन्हा त्याच रेषेवर उमटतो, आणि बदामीसारख्या फिकट रंगावर तो लांबूनही दिसतो.

जुना रंग काढताना

हात भिंतीवर घासा. तळव्याला पांढरी पूड लागली तर जुना डिस्टेंपर किंवा चुना आहे. तो पत्तीनं खरवडून, पाणी मारून, धुऊन काढायचा. त्यावर सरळ नवा रंग मारला तर नवा रंग भिंतीला न धरता पुडीला धरतो.

जुन्या घरात पिवळा किंवा हिरवा ऑइलपेंट असेल तर जास्त सांभाळा. पूर्वीच्या तेजस्वी पिवळ्या रंगांत शिसं असे. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नको हा नियम २०१६ साली निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा ऑइलपेंट सुका घासू नका. पाणी मारत, वॉटर पेपरनं ओला घासा, तोंडाला चांगला मास्क बांधा, खाली प्लास्टिक अंथरा आणि निघालेला गाळ त्यातच गुंडाळून टाका. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्या दिवसांत त्यांना दुसरीकडे ठेवा. ही गोष्ट अजिबात हलक्यात घेऊ नका.

शेड: गुळाची ढेप आणि फरशी

पिवळसर बदामी मशीनवर बनतो तेव्हा पांढऱ्या बेसमध्ये साधारण तीन गोष्टी पडतात: पिवळा ऑक्साइड भरपूर, लाल ऑक्साइड थोडा, काळा अगदी थेंब-दोन थेंब. सगळा खेळ या शेवटच्या दोघांचा. लाल वाढला की भिंत पीचकडे, गुलाबीकडे झुकते. काळा वाढला की पिवळा हिरवट दिसायला लागतो. दुकानात ही झाक दिसत नाही, चारशे चौरस फुटांवर दिसते.

झाक ओळखायची सोपी रीत अशी. कार्डावर ज्या पट्टीत तुमची शेड आहे, तिच्या सगळ्यांत खालची, गडद शेड बघा. ती मोहरीच्या रंगाची असेल तर तुमची फिकट शेडही भिंतीवर पिवळी दिसणार. ती विटकरी असेल तर गुलाबी. ती खाकी असेल तर हिरवट. आपल्याकडे याला चांगली उपमा घरातच आहे. कोल्हापुरी गुळाची ढेप फोडा. बाहेरची साल तांबूस तपकिरी, आतला ताजा फोडलेला भाग सोनेरी पिवळा, आणि त्यातलाच चिमूटभर चुरा पांढऱ्या बशीत पसरला की जो फिकट, उबदार रंग दिसतो, तो बहुतेकांच्या मनातला बदामी. कार्ड त्या चुऱ्याशेजारी धरून बघा. "जरा पिवळसर पण पिवळा नको" हे दुकानदाराला समजावण्यापेक्षा हे लवकर जमतं.

दुसरी गोष्ट, निवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकट घ्या. चारही भिंती पिवळ्या असल्या की एका भिंतीवरचा उजेड समोरच्या भिंतीवर जातो, परत येतो, आणि प्रत्येक फेरीत पिवळा वाढतो. कोपऱ्यात हे सगळ्यांत जास्त जाणवतं. एकाच खिडकीच्या, दोन्ही बाजूंना शेजारच्या भिंती असलेल्या पेठेतल्या खोलीला तर हा नियम पाळाच. काही कार्डांवर शेडमागे एलआरव्ही हा आकडा असतो, म्हणजे रंग किती उजेड परत टाकतो. ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा. अंधाऱ्या खोलीला ६५ ते ७५ मधली शेड घ्या. ५५ च्या खाली गेलात तर दुपारीही दिवा लावावा लागेल.

फरशीकडे बघितल्याशिवाय शेड पक्की करू नका. कोटा फरशी हिरवट असते. तिच्यावरून उसळलेला उजेड भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांवर पडतो, म्हणून तिथं खाकी झाकेचा बदामी मळकट दिसतो. कोट्यावर थोडी लाल झाक असलेली शेड चालते. जुन्या लाल कोब्यावर नेमकं उलट: लाल झाक घेतलीत तर भिंत गुलाबी होईल, तिथं सरळ पिवळ्याकडे जाणारी शेड घ्या. सगळ्यांत अवघड आहे हस्तिदंती रंगाची व्हिट्रिफाइड टाइल. भिंत आणि टाइल "मॅचिंग" करायला गेलं की दोन्ही जवळजवळ सारख्या पण नेमक्या सारख्या नाहीत असं होतं, आणि मग दोनातली एक कायम अस्वच्छ वाटते. भिंत टाइलपेक्षा स्पष्टपणे दोन पायऱ्या गडद ठेवा.

आता नमुना. दोन किंवा तीन शेड्सचे सर्वांत लहान डबे घ्या. रंग भिंतीवर लावू नका. तिथं त्याची कड उमटते आणि वरच्या रंगातूनही दिसत राहते. पूर्ण आकाराचा ड्रॉइंग शीट घ्या, त्यावर दोन हात मारा, कडेला पांढरी पट्टी ठेवू नका, कारण पांढऱ्याशेजारी कुठलाही बदामी जास्त पिवळा भासतो. वाळल्यावर शीट एकदा खिडकीच्या भिंतीवर, एकदा खिडकीसमोरच्या भिंतीवर, एकदा कोपऱ्यात लावा. सकाळी आठला, दुपारी, संध्याकाळी साडेसहाला आणि रात्री दिव्यात बघा. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळचं ऊन याच रंगावर असं काही पडतं की शेड दोन पायऱ्या गडद वाटते, आणि उत्तरेच्या खोलीत तीच शेड दिवसभर फिकी, थंड. म्हणून अख्ख्या घराला एकच शेड देण्याचा हट्ट धरू नका. उत्तरेच्या खोलीला त्याच पट्टीतली एक पायरी गडद शेड दिली की दोन्ही खोल्या एकसारख्या दिसतात.

रात्रीचा दिवा हा अर्धा निर्णय आहे. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. उजेड पिवळसर आहे की निळसर ते तो सांगतो, आकडा कमी तितका उजेड पिवळा. ६५०० चा कूल डे लाइट या रंगाचा जीव घेतो. भिंत हिरवट, आजारी दिसते. २७०० ते ३००० चा वॉर्म व्हाइट लावला की पिवळा खुलतो, पण तिथं आधीच गडद शेड असेल तर ती केशरीकडे जाते. बैठकीच्या खोलीला ३०००, अभ्यासाच्या आणि स्वयंपाकाच्या जागी ४०००. एकाच खोलीत दोन वेगळ्या आकड्यांचे दिवे लावू नका. एका भिंतीवर दोन रंग दिसतात आणि दोष पेंटरला लागतो.

माप

कार्पेट एरियाला तीन-साडेतीननं गुणून अंदाज सांगण्याची पद्धत आहे. पैसे देण्यापूर्वी टेप घेऊन स्वतः मोजा. १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट. चारी भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले १०, म्हणजे ४४० चौरस फूट. एक दार ३ बाय ७ चं, २१. एक खिडकी ४ बाय ४ ची, १६. उरले ४०३. छत १२०, ते वेगळं धरा.

चांगल्या इमल्शनचे दोन हात प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) मारलेल्या भिंतीवर लिटरमागे साधारण ११० चौरस फूट जातात, म्हणजे या भिंतींना ३.७ लिटर, ४ लिटरचा डबा बरोबर बसतो. पाण्यातला प्रायमर एका हाताला लिटरमागे तितकाच जातो, तोही ४ लिटर. पुट्टी पहिल्यांदाच होत असेल तर दोन हातांना किलोमागे १० ते १५ चौरस फूट. १२ धरले तर ३४ किलो, म्हणजे ४० किलोची एक गोणी. गिलावा खडबडीत असेल तर ती पुरणार नाही. छताला पुट्टी साधारण १० किलो आणि रंग सव्वा लिटर आणखी.

एका खोलीचा सगळा रंग एकाच वेळी, एकाच दुकानातून, एकाच मशीनवर बनवून घ्या. शेडचा कोड एकच असला तरी दुसऱ्या दुकानातल्या मशीनचा थेंब किंचित वेगळा पडतो. दोन-तीन डबे असतील तर काम सुरू करण्यापूर्वी सगळे एका मोठ्या बादलीत ओतून एकत्र करा आणि पुन्हा डब्यांत भरा. पाच मिनिटांचं काम आहे, पण न केल्यास भिंतीच्या मधोमध रंग बदललेला दिसतो.

पुट्टी ते शेवटचा हात

पुट्टीत पाणी वजनाच्या ३५ ते ४० टक्के. आधी पाणी, मग पावडर. दहा मिनिटं मुरू द्या, परत ढवळा, आणि दोन-तीन तासांत संपेल इतकीच कालवा. घट्ट झालेल्या पुट्टीत पुन्हा पाणी घालून ती सैल करू नका. तिचा जोर गेलेला असतो. भिंतीवर आधी पाण्याचा हलका फवारा मारा, नाहीतर कोरडा गिलावा पुट्टीतलं पाणी शोषून घेतो आणि ती पूड होऊन बसते. पहिला हात खालून वर, दुसरा आडवा. दोन्ही मिळून दीड मिलिमीटरपेक्षा जास्त नको.

दुसरा हात पूर्ण सुकला की १८० नंबरचा, मग ३२० चा पॉलिश पेपर. घासताना खोलीत अंधार करा आणि बॅटरी भिंतीला चिकटवून आडवी धरा. उजेड भिंतीवरून सरपटत गेला की प्रत्येक खड्डा, प्रत्येक पत्तीची रेघ सावली टाकते. समोरून बघून ती कधी दिसत नाही. बदामी रंगात हे फार महत्त्वाचं, कारण फिकट उबदार रंगावर बाजूच्या खिडकीचा उजेड पडला की चढउतार लगेच उठून दिसतात. भिंत सरळ नसेल तर मॅट फिनिश घ्या. चमक जितकी जास्त तितके दोष जास्त.

घासलेली पूड ओल्या, पिळलेल्या फडक्यानं पुसून घ्या. मग प्रायमर. पुट्टीवर प्रायमर नको असं काही ठिकाणी सांगतात. प्रायमर वगळला तर पुट्टी जिथं जाड आहे तिथं रंगातलं पाणी जास्त ओढते आणि भिंतीवर निस्तेज ठिपके राहतात. प्रायमरनंतर एखादा खड्डा दिसला आणि तिथं पुट्टी लावली, तर तेवढ्या जागी पुन्हा प्रायमर लावा. भिंतीचा आधीचा रंग निळा किंवा गडद हिरवा असेल तर प्रायमरचे दोन हात. एकातून खालचा रंग डोकावतो आणि तुमची शेडच बदलते.

क्रम असा: आधी छत, मग भिंती, शेवटी दारं-खिडक्या. छताला झगझगीत पांढरा देऊ नका, बदामी भिंतीवर तो निळसर दिसतो. पांढऱ्यात त्याच शेडचा रंग पाव प्रमाणात घालून बनवून द्या म्हणून दुकानात सांगा.

रंगात पाणी किती, ते डब्यावर छापलेलं असतं. बहुतेक इमल्शनला लिटरमागे साधारण अर्धा लिटर. महत्त्वाचं इतकंच की प्रत्येक वेळी मापाच्या मगनं मोजा. पहिल्या बादलीत अर्धा लिटर आणि दुसरीत अंदाजे ओतलं की दोन भिंतींची घनता वेगळी होते. पाणी फार झालं तर बादलीत पिवळा वर तरंगतो, तळ पांढरा राहतो, आणि भिंतीवर पट्टे येतात. काम चालू असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी तळापर्यंत ढवळा.

कडा आणि कोपरे दोन इंची ब्रशनं, लगेच त्याच भिंतीवर ९ इंची रोलर. चारही भिंतींच्या कडा आधी ब्रशनं मारून ठेवून जेवायला जाऊ नका. वाळलेल्या कडेवर ओला रोलर गेला की चौकटीसारखी गडद रेघ राहते. एक भिंत एका दमात, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, ओली कड कायम ठेवत. पंखा बंद. दुसरा हात चार तासांनी. हवा दमट असेल तर सहा ते आठ. पहिल्या हातानंतर भिंत ढगाळ आणि हिरवट दिसली तर घाबरून शेड बदलू नका. दोन हात पूर्ण वाळल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी बघा.

स्वयंपाकघर, देवघर, बाहेरची बाजू

कांदा-लसणाच्या चटणीची फोडणी आणि तळण यांची वाफ तेल घेऊन भिंतीवर बसते. बदामीवर ते डाग पांढऱ्याइतके लगेच दिसत नाहीत, पण वर्षभरानं ओट्याच्या वरची भिंत बाकीपेक्षा पिवळी झालेली असते. तिथं मॅट नको, धुता येणारं, मंद चमकेचं सॅटिन घ्या आणि ओट्यामागे दोन फूट टाइल असू द्या. देवघरात समईच्या वर काजळी धरते. भिंतीवर पितळी पत्रा किंवा काच लावली तर रंग टिकतो.

बाहेर लावताना एक्स्टिरिअरसाठीची शेड म्हणून छापलेलीच घ्या. मातकट पिवळा ऑक्साइड उन्हात टिकतो, लिंबासारखे झळझळीत पिवळे विटतात. शेवाळलेल्या भिंतीवर सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, एक भाग तीन भाग पाण्यात, पंधरा-वीस मिनिटं ठेवून घासा, मग भरपूर पाण्यानं धुवा. हातमोजे घाला आणि त्यात ॲसिड किंवा दुसरा कुठलाही क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर ढग भरून आले तर बाहेरचा हात मारू नका. वळीव आला की ओला रंग ओघळतो. सकाळी ऊन तापायच्या आत काम करा. आणि जोत्याचा काळा दगड रंगवू नका. तो मोकळा राहिला तर भिंतीतलं पाणी तिथून निघून जातं, आणि बदामीखाली काळ्या दगडाची ती पट्टी फार सुंदर दिसते.

आत पडदे निवडताना पिवळा-मोहरी टाळा. विटकरी, गडद हिरवा, निळीचा निळा हे बसतात. सागवानी लाकूड, पितळेची भांडी, कोल्हापुरी चपलेच्या चामड्याचा तपकिरी आणि काळी घोंगडी तर या भिंतीपुढे उठून येतात.

उरलेल्या रंगातला किमान अर्धा लिटर, पाणी न मिसळलेला, काठोकाठ भरेल अशा लहान बरणीत ठेवा. वर शेडचा कोड, बेसचं नाव, दुकान आणि तारीख लिहा. पुढं खिळ्याचा खड्डा बुजवाल तेव्हा पुट्टी, घास, प्रायमर आणि मग लहान स्पंजच्या रोलरनं रंग. ब्रशनं लावलात तर मारलेल्या जागेचा पोत वेगळा दिसतो. दोन वर्षं उलटली असतील तर मात्र ठिगळ न देता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती भिंत पूर्ण करा.